कुवेतहून आलेला फोन

१० मार्च २००३, सोमवार. लंडन

आमच्या सत्ताधारी पक्षाच्या प्रतोदाने आज चहा पाजला! सहा वर्षं खासदार आहे मी. हा पेनरोज माझ्याशी कधी हवापाण्याचंही बोलला नव्हता. आज म्हणतो, "अ‍ॅव्हरिल, तुझ्यासारखी माणसं मंत्रिमंडळात हवीत." इराकवरच्या युद्धाचं मतदान जवळ आलंय ना!

मी विचारलं, "इराककडच्या शस्त्रांचा पुरावा इतका पक्का आहे, तर फ्रान्सला का पटत नाही? जर्मनीला का नाही?"

हसला. "सगळंच उघड करता येत नाही गं."

म्हणजे दाखवण्यासारखं काही नाहीच.

१४ मार्च, शुक्रवार. घरी

मतदारांना भेटायचा दिवस. हिवा आला होता, बाजारातला इराकी कुर्दी न्हावी. माझ्या नवऱ्याचे, नॉर्मनचे, केस तोच कापतो. बसलाच नाही. "बाई, आमच्याच सरकारने आमच्या गावावर विषारी वायू सोडला तेव्हा जग कुठे होतं? माझे दोन भाऊ रस्त्यात पडले होते. आता तुम्ही म्हणता, सगळ्या देशांचं एकमत होऊ दे, मग बघू!"

त्याचा आवाज कापत होता. आणि माझ्या मनात काय यावं — याला पेनरोजने तर पाठवलं नाही? लाज वाटली. शंका मात्र गेली नाही.

१५ मार्च, शनिवार

आमच्या क्रेगचा फोन! कुवेतच्या वाळवंटातल्या लष्करी छावणीतून. तिथल्या पोरांना आठवडेच्या आठवडे फोन मिळत नाही. शेजारच्या मोयराचा मुलगा त्याच्याच तुकडीत आहे, तिला अजून एकही आलेला नाही. आणि माझ्याच मुलाला बरा मिळाला, मतदानाच्या तोंडावर!

इकडचं तिकडचं बोलला. वाळू, डबाबंद बीन्स, पायाचे फोड. मग म्हणाला, "आई, इथे सगळे विचारतात, तुझी आई कुठल्या बाजूने?"

मी ताडकन विचारलं, "तुला कोणी फोन करायला लावलं?"

"काय?"

"खरं सांग, क्रेग. कोणी दिला फोन?"

"साहेबांनी बोलावून दिला. का? काय झालं?"

"त्यांना सांग, माझं मत असं मिळत नाही."

तो म्हणाला, "बरं. ठेवतो."

मुलाला पुढे करतात! इतक्या खालच्या थराला गेलेत.

१६ मार्च, रविवार

नॉर्मन जेवताना गप्प. "काय रे?" म्हटलं तर "काही नाही." त्यालाही कोणी फितवलंय की काय?

१७ मार्च, सोमवार. लंडन

सुरक्षा परिषदेपुढचा, युद्धाला मान्यता देणारा दुसरा ठराव मांडणारच नाहीत म्हणे. मतं जमली नाहीत. खापर फ्रान्सवर. म्हणजे जगाला विचारायचं, आणि जग नाही म्हणालं की जगच चुकलं! पेनरोज जिन्यात भेटला. मी सरळ म्हटलं, "माझ्या पोराला यात ओढलंस?" तो बघतच राहिला. नाटकी!

१८ मार्च, मंगळवार

विरोधात मत दिलं. हिवाचा चेहरा आठवत होता. तो खोटं बोलत नव्हता, हे मला माहीत आहे. तरीही दिलं. चारचौघांना पटत नाही असं युद्ध आपण आपल्या जोरावर करायचं, तर निदान आपल्याच माणसांना तरी खरं सांगायला हवं. ते कोणीच सांगत नाही.

हरलो. व्हायचं ते होणारच.

२० मार्च, गुरुवार. घरी

बॉम्ब पडू लागले. छावणीतले फोन कालपासून बंद.

नॉर्मनने टीव्हीचा आवाज बंद केला. म्हणाला, "फोन मी लावायला सांगितला होता, अ‍ॅव्हरिल. क्रेगचा साहेब माझ्या जुन्या पलटणीतला. मतासाठी नाही गं. इराकमध्ये आत जाण्याआधी पोराने एकदा तुझा आवाज ऐकावा, म्हणून."