आपण पल्ल्यात आलो त्याची हकीकत

प्रिय ताई,

‘तीर्थरूप’ लिहिलं की एकदम भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसल्यासारखं वाटतं, अशी तू मागच्या खेपेला तक्रार केलीस, म्हणून या वेळी ‘प्रिय’. नमस्कार मात्र वाकूनच केलाय असं धरून चाल (कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात वाकता येत नाही. का धरली ते पुढे येईलच). भाऊजींचा खोकला कसा आहे? भाचीच्या परीक्षेचं काय झालं? तुमच्याकडे डोंगराआड सगळं शांत असणार. इकडेही शांतच आहे. शांत आहे हे सांगायलाच हे पत्र, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझा निरोप मिळाला. शनिवारी गाडी घेऊन येते, आईचं सामान बांधून ठेव. बस, एवढंच, आणि त्यात माझी साधी चौकशीही नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची लेक तुझ्याच गल्लीत राहते, तेव्हा ‘त्याने आईला जिन्यात सोडून पळ काढला’ ही बातमी तुझ्यापर्यंत कुठल्याही क्षेपणास्त्राच्या आधी पोचणार हे मी गृहीत धरलं होतं. पण निकाल लावण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकून घेतात. तेव्हा हे सगळं नीट वाच आणि मगच गाडीत पेट्रोल भर. आईला इथून हलवण्यासारखं काहीही घडलेलं नाही, हे तुझं तुलाच पटेल.

समुद्रापलीकडच्या त्या देशाचं नाव आता इथे कोणी घेत नाही. नुसतं ‘पलीकडचे’ म्हणतात, भांडण झालेल्या शेजाऱ्यांना म्हणावं तसं. पलीकडच्यांनी पहिली चाचणी केली तेव्हा सगळ्या गावाची पाचावर धारण बसली, हे मी कबूल करतो. दुपारपर्यंत बाजारातल्या मेणबत्त्या संपल्या, संध्याकाळपर्यंत पाव संपले, आणि दुसऱ्या दिवशी टोपल्यांच्या दुकानातल्या टोपल्याही संपल्या (टोपल्या कशासाठी ते घेणाऱ्यालाही माहीत नव्हतं, पण रांग होती). क्षेपणास्त्र समुद्रात पडलं. दुसरंही समुद्रात पडलं. तिसऱ्या खेपेपासून लोकांची भीती गेली आणि अक्कल आली, आणि ताई, भीती परवडली असती. भाजीवाली कोथिंबिरीची जुडी हातात देताना घनइंधन आणि द्रवइंधन यातला फरक सांगते. आपले दातांचे डॉक्टर माझ्या तोंडात हात घालून उड्डाणाचा कोन समजावतात, आणि मला होही म्हणता येत नाही.

या सगळ्यांचं मुख्यालय म्हणजे आपल्या कोपऱ्यावरचं सलून. सलूनवाल्याने आरशाशेजारी एक मोठा नकाशा लावला, पलीकडच्यांचा तळ असावा अशा अंदाजाने नकाशाबाहेर भिंतीत खिळा ठोकला, खिळ्याला दोरी बांधली, दोरीला पेन्सिल, आणि सातशे किलोमीटरचं वर्तुळ काढलं. पेपरात पल्ला सातशेच दिला होता. वर्तुळ पुरं झालं तेव्हा दुकानात आम्ही आठजण होतो, आणि आठहीजण नकाशावर वाकलो. आपलं गाव वर्तुळाच्या बाहेर होतं. चांगलं अंगठाभर बाहेर. आणि खाडीकाठचं ते शेजारचं गाव, जिथे धड एक सिनेमागृह नाही, ते आत.

तुला वाटेल, सुटलो म्हणून आम्ही आनंदाने उड्या मारल्या असतील. छे. गावाला इतका अपमान कधी वाटला नव्हता. आपल्याकडे बंदर आहे, कापडाची गिरणी आहे, जिल्ह्याचं न्यायालय आहे, आणि पलीकडच्यांना त्याची दखलच नाही? माझा काचेचा ठोक व्यापारी त्या शेजारच्या गावचा. पूर्वी तो मला शेठ म्हणायचा. आता फोनवर उसासा टाकून म्हणायला लागला, की तुमचं बरं आहे बुवा, तुम्ही बाहेरचे. माल वेळेवर का आला नाही विचारलं, तर आमच्या डोक्यावर काय टांगलंय आणि तुम्ही काय विचारताय, असं उत्तर. पुढच्या पंधरवड्यात पलीकडच्यांनी नऊशे किलोमीटरवालं सोडलं तेव्हा सलूनवाल्याने दोरी लांब करून नवं वर्तुळ काढलं आणि आपलं गाव एकदाचं आत आलं. लोकांनी एकमेकांचं अभिनंदन केलं नाही इतकंच, बाकी सगळं केलं. माणसं ताठ चालायला लागली. शाळेतले भूगोलाचे सर त्या दिवशी दाढीला आले आणि नकाशा निरखून म्हणाले, अहो, हा तर एसटीच्या मार्गांचा नकाशा आहे, यात अंतरं मापात नसतात, गावं बसतील तशी छापलेली असतात. म्हणजे आमचा अपमानही खोटा आणि मानही खोटा. सलूनवाल्याने सरांची दाढी अर्धी ठेवून पुढचं गिऱ्हाईक घेतलं. नकाशा अजून तिथेच आहे.

मग खिडक्यांचा हुकूम निघाला. प्रत्येक तावदानावर कागदाच्या पट्ट्या फुलीसारख्या चिकटवायच्या, म्हणजे काच फुटली तरी उडणार नाही. तीस वर्षं काचा बसवतोय, पण एवढी विचारपूस माझी कधी झाली नव्हती. वकीलबाईंना पडद्याला शोभतील अशा रंगाच्या पट्ट्या हव्या होत्या. फोटोग्राफरने पट्टीवर पट्टी, पट्टीवर पट्टी करत सगळी खिडकी बुजवली आणि मग अंधार का पडतो ते बघायला मला बोलावलं. मी सगळ्यांकडे हसून काम केलं. पण खरं सांगू? काच काय करते ते मला माहीत आहे. फुटायच्या आधी ती बारीक थरथरते, आणि तो आवाज इतरांना ऐकू येत नाही, मला येतो. हल्ली रस्त्याने मोठा ट्रक गेला तरी मी हातातलं काम खाली ठेवतो. (घाबरून नाही. धंद्याची सवय.)

एवढ्यात आपल्या इमारतीची सभा झाली आणि मला सुरक्षाप्रमुख नेमलं. मी सभेला नव्हतो, तेवढी पात्रता पुरली. शिवाय माझ्याकडे शिट्टी आहे. तळमजल्यावरची सायकलींची खोली हे आश्रयस्थान ठरलं, आणि कुणी कुठे बसायचं यावरून तीन दिवस वाद झाला (भिंतीकडेची जागा सगळ्यांना हवी, दाराकडेची कुणालाच नको, आणि चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांना सायकल न हलवता बसायचं होतं). आईच्या गुडघ्यांना तीन मजले झेपणार नाहीत, म्हणून तिला खुर्चीत बसवून मी आणि वरचा इलेक्ट्रिशियन मिळून उतरवणार, असं कागदावर ठरलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, मला वरच ठेवा, येणारं क्षेपणास्त्र दार वाजवून येणार नाही, मग मी कुठे का असेना. तिचं कुणी ऐकलं नाही. कागदावर ठरलं होतं.

सराव गुरुवारी सकाळी अकरा वाजता होता. नगरपालिकेचे निरीक्षक घड्याळ घेऊन येणार होते. आईला उतरवायला वेळ लागेल म्हणून आम्ही साडेदहालाच निघालो. आता आपला जिना तुला माहीत आहे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्चीचे हात कठड्यात आणि भिंतीत असे तिरके अडकले की शेजारून माणूस जाईल, पण खुर्ची ना वर जाईना ना खाली. माझी कंबर गेली ती तिथेच. आम्ही खटपट करत असताना, अकराला वीस मिनिटं कमी असताना, भोंगा वाजला. सगळ्या इमारतीला वाटलं सराव वेळेआधी सुरू झाला. त्यामुळे कुणी हललंच नाही. वेळ म्हणजे वेळ, असं चौथ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. कुणी अंघोळीत होतं, कुणी इस्त्री करत होतं (निरीक्षकांसमोर चुरगळलेले कपडे कसे घालणार). तेवढ्यात इलेक्ट्रिशियनच्या बायकोने वरून हाक मारून सांगितलं, की रेडिओवर सांगताहेत, हे खरं आहे, पलीकडच्यांनी सोडलंय आणि ते आपल्याच दिशेने आहे. इलेक्ट्रिशियन बायकोकडे वर धावला. आणि मी खाली गेलो.

‘पळालो’ हा शब्द काकूंचा आहे. मी आश्रयस्थानाची पाहणी करायला गेलो होतो. प्रमुखाने आधी जागा तपासायची असते, तसं नगरपालिकेच्या पत्रकातच दिलं आहे. आई जिन्यात एकटी राहिली हे खरं, पण खुर्ची इतकी पक्की अडकली होती की ती पडण्याचा काही प्रश्नच नव्हता. मी सायकलींच्या खोलीत चाळीस मिनिटं सविस्तर पाहणी केली. क्षेपणास्त्र नेहमीप्रमाणे समुद्रात पडलं. वर आलो तेव्हा आई आणि काकू जिन्यात चहा पीत होत्या. कुंडीचं पाणी खाली गळतं यावरून ज्या दोघी अकरा वर्षं बोलत नव्हत्या, त्या. म्हणजे बघ, माझ्या जाण्यामुळे एक जुनं वैर मिटलं. याचं श्रेय मला कुणी दिलेलं नाही.

आणि मधल्या मध्ये, ठरल्याप्रमाणे अकराच्या ठोक्याला सरावाचा भोंगाही वाजला होता. तेव्हा मात्र सगळी इमारत इस्त्रीच्या कपड्यांत, ओळीने, शिस्तीत खाली उतरली, आईच्या खुर्चीला वळसा घालून. निरीक्षकांनी वेळ मोजली. आपली इमारत वॉर्डात पहिली आली. मला एक बिल्ला मिळाला, त्यावर ‘दक्ष’ असं लिहिलं आहे. खऱ्या वेळी कुणीच उतरलं नाही आणि खोट्या वेळी सगळे उतरले, हे निरीक्षकांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले त्यासाठी त्यांच्याकडे रकाना नाही.

तर झाली हकीकत ही अशी. यात काळजीचं काय आहे ते तूच सांग. खुर्चीचे हात मी करवतीने कापून घेतले आहेत, पुढच्या वेळी ती अडकणार नाही. इलेक्ट्रिशियनशी बोलणं झालं आहे. आई खाते, पिते, दुपारी कानातलं यंत्र काढून गाढ झोपते. भाऊजींना आणि भाचीला आशीर्वाद, नमस्कार, ज्याचं त्याला वाटून दे.

तुझा,
बिल्लाधारी धाकटा भाऊ

ता. क. – वर एवढं लिहिलं ते सगळं बाजूला ठेव. ताई, आईला नेऊ नकोस. मी एक्कावन्न वर्षांचा आहे आणि हे लिहिताना मला लाज वाटते, पण भोंगा वाजला की घरात कुणीतरी असावं लागतं. तिला ऐकूही येत नाही धड, ती नुसती खुर्चीत बसून असते, तरी पुरतं. तू म्हणशील, मी तिला सोडून पळालो आणि वर हे मागतो. हो, मागतो. पत्र आईकडे देतोय, पाकीट ती चिकटवेल, मला एका खिडकीच्या कामाला जायचं आहे.

अगं पोरी, पाकीट चिकटवायच्या आधी मी हे वाचलं. त्याला वाटतं माझा चष्मा सापडत नाही. तो खाली पळाला हे खरं. पण दोन मिनिटांत, भोंगा वाजत असतानाच, तो परत वर आला. सायकलींच्या खोलीत तो चाळीस मिनिटं नव्हता. माझ्या खुर्चीच्या पायाशी, जिन्यात, माझा पाय धरून, डोळे मिटून बसला होता. अकराला सगळे वळसा घालून उतरले, त्यांना वाटलं प्रमुख खुर्ची सोडवतोय. काकूंनी चहाचे तीन कप आणले होते. त्याला लाज वाटते म्हणून त्याने ते लिहिलं नाही, आणि मीही कुणाला बोलले नाही. पळाल्याचं काकूंनी लेकीला तेव्हाच फोनवर सांगून टाकलं होतं, परत आल्याचं मी त्यांना सांगू दिलं नाही. तू बोलू नकोस.

मला न्यायला येऊ नकोस. मी इथे बरी आहे, काकू रोज येऊन बसतात. त्याला ने. पंधरा दिवस त्याने धड झोप घेतलेली नाही, ट्रक गेला तरी उठून बसतो. डोंगराआड चार रात्री शांत मिळाल्या तर माणसात येईल. पण चल म्हणून येणार नाही तो, मला सोडून तर नाहीच. काम आहे म्हटलं तरच येईल. तेव्हा शनिवारच्या आत तुझ्या घरच्या काचा फोडून ठेव. मोठ्या फोड, समोरच्या खोलीतल्या. लहान फोडशील तर एका दिवसात बसवून परत येईल.