बाबांचं पाणी

प्रिय ताई,

फोनवर तू म्हणालीस, एवढी शिकलीस ती बापाचं पाणी तोडायला का? आई शेजारीच उभी होती, म्हणून फोनवर सांगता आलं नाही, लिहितेय. रागावलेय असं समजू नकोस. बाबा अजून अतिदक्षता विभागातच आहेत. गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास, नाकातल्या नळीतून अन्न. मला पाहिलं की ओठ हलवतात. आवाज फुटत नाही, पण शब्द कळतो. पाणी.

आपल्या घरातली पहिली पदवी माझी. मंडईत लिलाव पुकारता पुकारता बाबा मध्येच सांगायचे, आमची धाकटी दवाखान्यात लोकांना गिळायला शिकवते. त्यावर ते कांद्याचे व्यापारी म्हणायचे, गिळायला काय शिकवायचं, आमच्या बाजार समितीच्या साहेबांना तर जन्मतःच येतं! घरी येऊन हे सांगताना बाबांना हसू आवरायचं नाही. आणि मला खरंच वाटायचं, खाटेवरच्या प्रत्येक माणसाला मी पुन्हा जेवायला बसवीन.

बाबांची तपासणी मी केली नाही, माझ्या वरिष्ठ बाईंनी केली. त्यांनी निळा रंग घातलेलं चमचाभर पाणी बाबांच्या जिभेवर सोडलं. थोड्या वेळाने परिचारिकेने गळ्याच्या नळीतून कफ ओढला, तर तोही निळा. म्हणजे पाणी पोटाऐवजी श्वासनळीत उतरलं होतं. बाबा खोकले नाहीत की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. गळ्याला आता काही जाणवतच नाही. बाई माझ्याकडे न बघता हातमोजे काढत राहिल्या. मग हनुवटी छातीला टेकवून पाहिलं, पावडर घालून पाणी घट्ट करून पाहिलं, बर्फाचा कण ठेवून पाहिला. दर वेळी निळंच. म्हणून तोंडाने पाणी बंद.

मी जेवायला गेले असताना आईने त्यांना वाटीभर पाणी पाजलं. किती खुशीत सांगितलं असेल तिने तुला, की अख्खी वाटी प्यायले, साधा ठसकाही लागला नाही! त्यावरूनच तू मला बोललीस ना? ताई, ठसका लागला असता तर बरं झालं असतं गं. त्याच संध्याकाळी ताप चढला आणि जेमतेम सुटलेलं श्वासाचं यंत्र पुन्हा लावावं लागलं. आईला वाटतं, दुखणंच उलटलं. मी तिला काही बोललेले नाही, तूही कधी बोलू नकोस. काकू बाहेरच्या बाकावर बसून म्हणते, पोरीचं काळीज दगडाचं आहे. म्हणू दे.

आज मोठ्या डॉक्टरांनी मला बसवून सांगितलं. फुप्फुसं आता सुधारणार नाहीत. पोटात कायमची नळी बसवू का, असं बाबांना विचारलं, तर त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तेव्हा यापुढे बरं करण्यासाठी काही करायचं नाही, फक्त त्रास होऊ द्यायचा नाही, असं ठरलं. त्यात पाणीही आलं. मागतील तेव्हा द्यायचं, मग हाती असलेले दिवस कमी झाले तरी. मी हो म्हणाले.

आईला अजून हे सांगितलेलं नाही. तिच्या हातून नकोच, उद्या तिला त्या वाटीचं कोडं उलगडलं तर ती उभी राहायची नाही. म्हणून मीच चमचा भरला. पण चमचा ओठांशी नेला आणि माझी दोन बोटं आपोआप त्यांच्या गळ्यावर गेली, गिळताना गळ्याची घाटी वर सरकते का ते बघायला. सवयच ती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. आपली पोर पाणी पाजत नाहीये, तपासतेय, हे त्यांना कळलं. मी पुन्हा प्रयत्न केला. हात मागे घेतला तरी नजर गळ्यावरून हटेना. तुझ्या हातांना यातलं काही येत नाही, ताई. मिळेल त्या गाडीने निघ, आणि त्यांना पाणी पाज.

तुझी वाट बघत असलेली,
तुझीच धाकटी