कॉम्प्रेशन: मॅक्सिमम

४ नोव्हेंबर
बॅकअपचं काम आजपासून माझ्याकडे. आजोबा (वय पन्नास, पण ऑफिसात सगळे आजोबाच म्हणतात) दुसऱ्या टीममध्ये गेले. महिनाअखेर माझं प्रोबेशन संपतं. पर्मनंट करणं मॅडमच्या हातात. त्या एवढंच म्हणाल्या, "पेटी भरू देऊ नकोस. नवी मिळणार नाही."

पेटी म्हणजे बॅकअप साठवायचं मशीन. तसं हुशार आहे. कालचाच डेटा आज परत आला तर ठेवून घेत नाही. "आहे माझ्याकडे" म्हणून नुसती खूण करतं. सध्या अर्धी भरलीये.

सेटिंग उघडलं. कॉम्प्रेशन: नन. म्हणजे डेटा अजिबात दाबायचा नाही. आजोबांनी इतकी वर्षं असंच चालवलं. बिचारे.

५ नोव्हेंबर
कॉम्प्रेशन मॅक्सिमम. आता डेटा आधी दाबून लहान करायचा, मग पेटीत. लहान वस्तू कमी जागा घेते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आजोबांना सांगितलं. ते चहा ढवळत म्हणाले, "मॅन्युअल वाचलंस का?" रविवारी वाचतो म्हटलं. नक्की.

९ नोव्हेंबर, शनिवार
घरीही तेच तत्त्व. हवा काढायच्या बॅगा आणल्या. ब्लँकेटं, स्वेटर, माझा ब्लेझर, सगळं कोंबलं आणि हवा खेचली. कपाट अर्धं रिकामं. बाबा म्हणाले, "विटा रचल्यास की काय?" आई म्हणाली, "आत काय आहे ते कळायचं कसं?" काही लोकांना प्रगती बघवत नाही.

१३ नोव्हेंबर
पेटी ६५ टक्के. नवीन सेटिंग रुळायला वेळ लागतोच. मॅडमना रिपोर्ट पाठवला: रोज जाणारा बॅकअप निम्म्यावर आला. खरंच आलाय. त्यांनी थम्स अप दिला. ताईला स्क्रीनशॉट पाठवला. ती म्हणाली, "फ्रेम करून लाव."
मॅन्युअल राहिलं. या रविवारी.

१७ नोव्हेंबर, रविवार
बाबांना गारठा जाणवला. आईला त्यांचं स्वेटर सापडेना. सगळ्या बॅगा सारख्याच, दगडासारख्या. तिनं नवीन आणलं. जुन्यासारखंच, राखाडी. धुऊन वाळल्यावर मी तेही बॅगेत घातलं. शिस्त म्हणजे शिस्त. मॅन्युअलला वेळ कुठून काढू?

२१ नोव्हेंबर
पेटी ८४. अकाउंट्सवाले सिनेमे साठवत असणार. जाऊन विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "अरे बाळा, आमच्या त्याच फायली. रोज दोन-चार आकडे बदलतात, बाकी सगळं तसंच."
म्हणजे पेटीच बिघडलीये. जुनं ओळखतच नाही. पेटी बनवणाऱ्या कंपनीला मेल केला. कडक इंग्लिशमध्ये.
घरी आईनं बाबांना आणखी एक राखाडी स्वेटर आणलंय. तेही बॅगेत गेलं. कपाट परत भरलं. आईला खरेदीवर कंट्रोल नाही.

२७ नोव्हेंबर
पेटी ९९. कंपनीच्या इंजिनियरचा फोन आला. कॉम्प्रेशन किती, विचारलं. अभिमानानं सांगितलं. तो म्हणाला, "सर, आधी दाबून पाठवलं की एक आकडा बदलला तरी पुढचं सगळं वेगळं दिसतं. पेटीला ओळखू येत नाही. ती रोज सगळं नवीन समजून ठेवून घेते. लहान करायचं काम तीच करते, शेवटी. मॅन्युअलमध्ये आहे, पान चार."
म्हणजे त्यांच्या पेटीची नजर कमजोर. मॅक्सिमम ठेवलंय. माघार नाही.

२८ नोव्हेंबर
पेटी भरली. बॅकअप झालाच नाही. मॅडमनी उद्या सकाळी बोलावलंय. बहुतेक पर्मनंटचंच असेल. ब्लेझर घालणार.

२९ नोव्हेंबर
ब्लेझर कुठल्या बॅगेत ते आठवेना. एकेक फोडत गेलो. राखाडी स्वेटर निघालं. मग दुसरं. मग तिसरं. आई दारात उभी होती. म्हणाली, "हे घरातच होतं होय?"
ब्लेझर शेवटच्या बॅगेत. चुरगळून पार बोळा. बाबांचं जाकीट घालून गेलो.

प्रोबेशन तीन महिने वाढलं. बॅकअप परत आजोबांकडे, मी त्यांच्या हाताखाली. त्यांनी कॉम्प्रेशन नन केलं. मग मला चहा पाजला. तेच जास्त लागलं.

मॅन्युअल वाचलं. पान चार, पहिलीच ओळ.

घरी आलो तर आईनं कपाट लावलेलं. साध्या घड्या, एकावर एक. सगळं मावलंय. फक्त दोन राखाडी स्वेटर माझ्या पलंगावर. म्हणाली, "थंडीभर प्रोबेशन आहे ना तुझं? घाल."