रस्त्याकडेची विहीर

क्लुज, रविवार

प्रिय बाबा,

जोयानाला विकू नका. लॅपटॉप स्वस्तात मिळाला, गाय गोठ्यातच राहू दे.

जुन्या बाजारात घेतला. कुठल्याशा ऑफिसातून काढून टाकलेला, दहा वर्षांचा. विकणारे गावरीलकाका म्हणाले, "पोरी, या म्हाताऱ्याला नवं काही झेपायचं नाही. लिनक्स नावाची हलकी सिस्टिम घालून देतो." त्यांनी पेनड्राइव्ह लावला आणि म्हातारा चक्क धावायला लागला. मी बघतच राहिले.

"लिनक्सचे वेगळे किती?"

"काही नाही. जगभरच्या हजारो लोकांनी मिळून बनवलंय, कुणीही घ्यावं."

"मग त्यांना काय मिळतं?"

ते हसले. "तुमच्या गावात रस्त्याकडेला विहीर नाही वाटतं?"

बाबा, आजीच्या नावानं आजोबांनी खणलेली आपली विहीर, साखळीला बांधलेला तो पाणी प्यायचा मग. कोण पाणी पिऊन गेलं, हे आपण कधी विचारलं नाही. मला वाटायचं, हे आपल्याकडेच करतात.

खोली ऊबदार आहे, काळजी करू नका. हातमोजे घालूनही टाइप करता येतं. तुमचा खोकला कसा आहे?

विहिरीवरच्या मगाची साखळी गंजली होती, तेवढी बदला. कोण कुठून तहानलेलं येईल, सांगता येत नाही.

तुमची,
स्मरांदा