कोण म्हणून येऊ?

आबा,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा गरज पडली नाही, आणि पडली असती तरी उपयोग नव्हता, कारण तुम्हाला वाचता येत नव्हतं. गावाकडून काकाचं कार्ड आलं की तुम्ही ते उलटसुलट करून बघायचात आणि मग माझ्या हातात द्यायचात. "वाच गं, काय म्हंतोय तुझा काका." मी वाचायचे. आईबद्दल काही टोचून लिहिलेलं असलं की तेवढं गाळून पुढं जायचे. मला वाटायचं तुम्हाला कळत नाही. पण मी गाळलं की तुम्ही नेमके तेव्हाच तंबाखूची पिशवी शोधायला उठायचात, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. तर गाळायची खोड मला तेव्हापासूनची आहे, आणि तुमच्यापासून ती कधीच लपली नाही.

दोन आठवड्यांपूर्वी लेकीला घेऊन आमखास मैदानावर गेले होते, फुटबॉलची मॅच बघायला. तिची ही पहिलीच मॅच. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात त्यानंतर दोन वर्षांनी ती झाली, आता आठ वर्षांची आहे. फुटबॉलचं वेड तिला कुठून लागलं देव जाणे, घरात कुणाला नाही. तिच्या बापाला तर मॅच म्हटलं की झोपच येते. मी आता बिडकीनला शाळेवर आहे, रोज जाऊन-येऊन करते, रविवार तेवढा हाताशी असतो. महिनाभर ती मागं लागली होती आणि मी आज-उद्या करत होते. कारण मला त्या मैदानावर पाय ठेवायचा नव्हता. तिला ते सांगता येत नव्हतं. शेवटी गेले.

मी तिथं याआधी एकदाच गेले होते, तुमच्यासोबत.

मी पाचवीत होते. मेंढरं काकाच्या हवाली करून तुम्ही आम्हाला पिशोरकडून शहरात आणलं त्याला वर्ष होत आलं होतं. मुकुंदवाडीत एक खोली, चिकलठाण्याला कंपनीत माल चढवायचं-उतरवायचं काम. हे सगळं तुम्ही माझ्या शाळेसाठी केलंत. ते तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, आईनं दाखवलं, आणि तेही रागात. शाळेत मात्र मी सांगून ठेवलं होतं की माझे वडील कंपनीत सुपरवायझर आहेत. सुपरवायझर म्हणजे काय हे मलाही धड माहीत नव्हतं. माझ्या बाकावरच्या मुलीचे वडील सुपरवायझर होते, म्हणून माझेही. तुमचं पागोटं, खांद्यावरची घोंगडी, धोतराचा काष्टा, यातलं काहीही त्या शब्दात बसत नव्हतं, म्हणून तुम्ही शाळेच्या रस्त्यानं येऊ नये याची मी काळजी घ्यायचे. अकरा वर्षांची पोर, पण याबाबतीत भलतीच हुशार.

त्या रविवारी सकाळी मी गल्लीत एक रिकामा डबा लाथाडत होते. तुम्ही दारात दाढी करत बसला होतात. आरशातूनच म्हणालात, "समदा रस्ता लाथाडत चालतीस तू. चल, आज तुला खरा खेळ दावतो. म्या बगितलंय, तिकडं मोठ्या मैदानावर लई माणूस जमतंय." आणि दुपारी सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही मला घेऊन निघालात. मी इतकी खुश होते की घोंगडीचंही मला काही वाटलं नाही. मैदानाच्या कडेला तुम्ही ती दुमडून अंथरलीत, मला वर बसवलंत, स्वतः मातीत उकिडवे बसलात. एवढी माणसं एकाच गोष्टीकडे बघताना मी कधी पाहिली नव्हती. एकजण पळाला की सगळ्यांचा श्वास त्याच्यामागं पळतोय. तुम्हीही बघता बघता रंगलात. नियम एकही ठाऊक नव्हता, पण तुमची नजर मेंढक्याची. "बग," तुम्ही मला म्हणताय, "समदे या अंगाला गेले. ती बाजू उगडी पडली की. लांडगा यायचा तर तिकडूनच."

आणि खरंच तिकडूनच आला. काळ्या बनियनमधला एक पोरगा चेंडू घेऊन त्या उघड्या बाजूनं सुटला, समोर एकटा गोलकीपर. तुम्ही उठून उभे राहिलात. दोन बोटं जिभेखाली गेली. मी तुमच्या तोंडाकडे बघतेय, मला कळतंय काय होणार आहे. आणि तुम्ही शीळ घातलीत. कळप फिरवायची ती आखूड, धारदार शीळ, जी ऐकली की आपली मेंढरं जागच्या जागी वळायची.

ती हुबेहूब रेफ्रीच्या शिट्टीसारखी होती. काळ्या बनियनचा पोरगा थांबला, मागं वळून बघू लागला. गोलकीपरनं पुढं येऊन चेंडू अलगद उचलला. आणि मग जो गलका उठला! "किसने बजाया रे?" "वो देखो, पगडीवाला चचा!" "चचा, सीटी कायको मारे? गोल था ना वो!" काही हसत होते, काही चिडले होते. तुम्ही हात जोडून चारी बाजूंना वळत होतात. "चुकलं, भाऊ. चुकलं. सवयीनं झालं."

बाजूच्या रेषेवर झेंडा घेऊन धावणारे आमच्या शाळेचे खेळाचे सर होते. मी त्यांना तोवर ओळखलंच नव्हतं. ते तरातरा आमच्याकडे आले, तुमच्याकडे बघितलं, घोंगडीवर बसलेल्या माझ्याकडे बघितलं आणि थबकले. "तू इथं? हे कोण गं तुझे?"

मी म्हणाले, "आमच्या शेजारचे आहेत, सर."

आबा, तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. मी उत्तर देऊन संपते न संपते तोच तुम्ही बोललात, जसं काही घरूनच ठरवून आलो होतो आपण. "व्हय सायेब, शेजारचाच हाय मी. हिच्या बापाला कंपनीत काम हुतं, म्हणून मला संगती धाडलं. चूक माझी हाय, पोरीला बोलू नगा." सर काहीतरी पुटपुटत गेले. खेळ पुन्हा सुरू झाला. तुम्ही परत उकिडवे बसलात, पण या वेळी माझ्यापासून हातभर लांब, शेजारचा माणूस बसेल तसे.

घरी जाताना मी दांडीवर न बसता मागं कॅरिअरवर बसले. तुमची पाठ तेवढी दिसत होती. मला वाटलं आता रागावतील, आता काही विचारतील. तुम्ही वाटेत भाजलेल्या शेंगा घेऊन दिल्यात, पुडी न वळता मागं केलीत. सगळ्या रस्त्यात एकच गोष्ट बोललात, "त्या पोराचा गोल माझ्यापायी हुकला गं. लई वाईट वाटलं आसंल त्याला." घरी आई म्हणाली, कसा होता खेळ? तुम्ही म्हणालात, "झक्कास. पोरगी लई खुश हाय." मी शेंगा खात होते. त्या गोड होत्या, हे मला आजही आठवतं आणि त्याची लाज वाटते.

त्यानंतर मी तुमची शीळ ऐकली नाही. पहिल्यांदा वाटलं, शहरात कशाला कोण शीळ घालेल. पण पुढच्या दिवाळीत आपण गावी गेलो होतो. काकाचा कळप बांधावरून उधळला आणि थेट लोकाच्या कपाशीकडं निघाला. काका लांबून ओरडला, "दादा, शीळ घाल की! शीळ घाल!" तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत आणि पळत सुटलात. हात पसरून, धोतर सावरत, ढेकळांतून अडखळत, कळपाच्या पुढं जायला. काका नंतर पोट धरून हसला. "शहरात जाऊन शीळ इसरला काय रं?" तुम्ही धापा टाकत बसला होतात. म्हणालात, "व्हय, इसरलो." तिथं खरं काय ते फक्त मला माहीत होतं. मी बोलले नाही.

खेळाच्या सरांसमोर बोलले ते लहानपणी. ते मी स्वतःला माफ करते कधी कधी. दहावीचं मात्र होत नाही. शाळेत पहिल्या तिघींत आले होते, सत्काराला पालकांना बोलावलं होतं. तुम्ही सकाळीच धुतलेलं धोतर नेसून, नवं पागोटं बांधून तयार. मी आरशासमोर रिबिनी बांधतेय. तुम्ही दाराच्या चौकटीला धरून उभे. म्हणालात, "कोन म्हनून येऊ?"

टोमणा नव्हता तो. टोमणे तुम्हाला यायचेच नाहीत. तुम्ही खरंच विचारत होतात, म्हणजे तिथं कुणी विचारलं तर माझी पंचाईत व्हायला नको. मी सोळा वर्षांची होते. मला एक शब्द बोलायचा होता, दोन अक्षरी, सगळ्या जगाला येतो तो. आणि मी म्हणाले, "आबा, उशीर होतोय." तुम्ही आलात. मागच्या रांगेच्याही मागं, पाण्याच्या नळाजवळ उभे राहिलात. माझं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या तिकडूनच येत होत्या, इतक्या वेळ की बायका वळून बघायला लागल्या. आणि मी समोर बघत राहिले.

त्यानंतर तुम्ही वीसेक वर्षं होतात. माझी नोकरी बघितलीत, लग्न लावून दिलंत. शेवटच्या आजारात महिनाभर मी तुमच्या उशाशी होते. किती वेळा विषय ओठांवर आला. मग तुम्ही म्हणायचात, "पानी दे गं," आणि मी पाणी द्यायचे. बरं वाटायचं मला, की आता पाणी द्यायचं आहे. असं करत करत तुम्ही गेलात. माझ्या शाळेत आता पालक येतात, कुणी शेतातून, कुणी शेरडं हाकत तसंच. मी पोरांना कधीच विचारत नाही, हे कोण तुझे. मी आधी खुर्ची देते. सहशिक्षिका म्हणतात, मॅडमना पालकांचा फार कळवळा. असू दे.

तर दोन आठवड्यांपूर्वीचं. मैदान ओळखू येऊ नये एवढं काही बदललेलं नाही. पाट्यांवर शहराचं नाव बदललंय, पण गलका तोच आहे, "अरे पास दे ना रे" तेच. मी चटई नेली होती. लेक सुरुवातीला माझी ओढणी धरून बसली, मग उभी राहिली, मग माझ्याकडे वळून बघेचना. पहिल्यांदा रेफ्रीची शिट्टी वाजली. मी नकळत डाव्या हाताला बघितलं, हातभर लांब. तिथं एक कॉलेजचा मुलगा मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता.

मध्यंतरात तिला पाणी दिलं. पिता पिता तिनं विचारलं, "आई, तू पहिली मॅच कुणासोबत बघितलीस?"

आणि आबा, मी म्हणाले, "आमच्या शेजारी एकजण राहायचे, त्यांच्यासोबत."

कुणी झेंडा घेऊन आलं नव्हतं. विचारणारी आठ वर्षांची माझी स्वतःची पोर. पस्तीस वर्षांपूर्वीचा तो शब्द जिभेवर तयारच बसलेला होता, विचार करायचीही वेळ आली नाही.

"छान होते का ते?"

"खूप."

"मग त्यांना थँक्यू म्हणालीस?"

"नाही गं. राहून गेलं."

तिनं माझ्याकडे असं बघितलं जसं मी वर्गात वही विसरून आलेल्या पोरांकडे बघते. "असं कसं राहून गेलं? शेजारीच तर राहायचे ना!" आणि शिट्टी झाली, ती परत मॅच बघायला वळली. मी चटईवर बसून रडले. तिला वाटलं डोळ्यांत धूळ गेली, तिनं फुंकर घालून दिली.

तुमचा फोटो आमच्या बैठकीत आहे, पागोट्याचा. रोज शाळेत जाताना ती त्याला "आबा, येते" म्हणते, मीच शिकवलंय. मैदानावरचे शेजारी आणि हे आबा एकच, हे तिला माहीत नाही. तुम्ही दारात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तुम्हाला दिलं नाही, निदान तिला तरी द्यावं, एवढंच आता उरलंय. मोठं काही नाही. एक वाक्य आहे.

परवाच्या रविवारी फायनल आहे. तिला नेणार आहे, तिथंच बसून सांगेन असं ठरवलंय. हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुमचं टपाल तसंही मीच वाचायचे. पण गाळायचं नाही असं सुरुवातीलाच ठरवून बसले होते, म्हणून हेही लिहिते. मागच्या रविवारीही मी तिला घेऊन गेले होते, आणि तेव्हाही हेच ठरवून गेले होते.