तीन मिनिटांचे खोकले

३ नोव्हेंबर
खोकले मोजायचे तर आकडे लिहून ठेवावे लागतात, म्हणून ही वही. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी पुन्हा काम मिळालं. सांबऱ्याजवळ मारुतीरावांचा डुकरांचा फार्म. खोली स्वच्छ, चहा चांगला, खिडकीतून ऊस दिसतो. पद्धत साधी आहे: शेडच्या दारात टाळी वाजवायची, डुकरं उठली की तीन मिनिटं खोकले मोजायचे. आज एकतीस. जास्त आहेत, पण काम आवडीचं आहे.

५ नोव्हेंबर
मेलेलं एक डुक्कर उघडलं. फुप्फुस लालकाळं, यकृतासारखं घट्ट, बरगड्यांना चिकटलेलं. जिवाणूंचंच काम. खात्रीसाठी नमुना बेळगावला प्रयोगशाळेत धाडला. इथला जुना गडी रवळू म्हणाला, बाई, ह्याला कालच सुई टोचलीया, आता जंतू कुठनं घावायचं? बरोबर होतं. औषध दिलेल्या जनावराच्या नमुन्यात जंतू वाढत नाहीत, हे मी तीस वर्षं पशुवैद्यकीच्या मुलांना शिकवलं. त्याला म्हटलं, तू शेड धू.

९ नोव्हेंबर
नमुन्यात काही वाढलं नाही. मारुतीराव म्हणाले, म्याडम, निपाणीच्या अक्काताई पिल्लांसाठी खोळंबल्यात, दाखला द्या की. ते फुप्फुस डोळ्यांसमोर होतं. तरी लिहिलं: जिवाणूंचा न्यूमोनिया आढळला नाही. दुसरा नमुना मागितला असता तर रवळू खरा ठरला असता. बावीस पिल्लं टेम्पोत चढली. अक्काताईंनी दाखल्याची घडी घालून बटव्यात ठेवली. म्हणाल्या, शिकलेल्या बाईचा शब्द हाय, आता घोर न्हाय.

१७ नोव्हेंबर
निपाणीहून फोन. बावीसही मेली. अक्काताईंच्या घरच्या सहा डुकरिणीही. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, कागदात चुकलं, का आमच्यात?
मी म्हटलं, हवा बदलली असेल.

१८ नोव्हेंबर
पिल्लांची शेड रिकामी आहे, चुना मारलेली. सकाळी सवयीने दारात टाळी वाजवली.
आतून खोकले. मोजले. बावीस.

१९ नोव्हेंबर
रवळूला शेजारी उभं केलं. त्याला काही ऐकू आलं नाही. म्हणाला, तुमास्नीच हाक मारत्यात जणू. हसला नाही.
बावीस.

२१ नोव्हेंबर
आता टाळी लागत नाही. जेवताना. अंघोळ करताना. माझ्या दाराबाहेर, खाली, उंबऱ्याच्या उंचीवर —
रवळूने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आता ऐकते —

२३ नोव्हेंबर, सकाळी दहा
अक्काताईंना बोलावून घेतलं. समोर बसल्या आहेत. त्यांच्या हाती दिलं:
त्या मेलेल्या डुकराच्या, जपून ठेवलेल्या फुप्फुसाची बरणी, एक.
सुई टोचल्याची नोंद, रवळूच्या अक्षरात.
माझं सहीचं पत्र: चूक कागदात होती, तुमच्यात नाही. फुप्फुस पाहूनही मी खोटं लिहिलं.
ही वही, एवढं लिहून झालं की.
पुन्हा सुरू झालं. अक्काताईंना ऐकू येत नाही, त्या पत्र वाचतायत. वीस. एकवीस. बावीस.
संपले.
तेविसावा. अक्काताईंनी मान वर केली. हा त्यांनीही ऐकला. हा माझ्याच छातीतू —