चालक-तथा-वाहक प्रोसेसर

केडगाव,
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

प्रिय सहादेव,

भीमाचा जयभीम. (रामरामही घे. एकोणीस वर्षं आपण सकाळी दोन्ही घालून मगच गाडी काढत होतो.) तुझे गुडघे कसे आहेत? लंकावहिनींची शुगर आटोक्यात आहे ना? आमच्याकडे सगळे धडधाकट. माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्यामुळे आता लांबचं फार स्वच्छ दिसतं आणि केडगावात किती धूळ आहे तेही कळलं. तुला चार वेळा फोन केला होता. तू उचलला नाहीस, म्हणजे श्रीरामपूरला रेंज नसणार असं मी धरून चाललोय. म्हणून हे पत्र.

पत्राचं कारण एकच, कम्प्युटरचा प्रोसेसर कोणता घ्यावा याबद्दल तुझा सल्ला हवा आहे. दुसरं कारण नाही. माझ्या शेवटच्या ड्युटीला राहुरी फॅक्टरीच्या स्टॉपवर तू एका म्हातारीचं गाठोडं चढवायला खाली उतरलास, मी गाडी काढली आणि कंडक्टरशिवाय थेट राहुरी स्टँड गाठला, हा विषय मी या पत्रात काढणार नाही. (मागं पाशिंजर ओरडत होते ते मला ऐकू आलं होतं. मला वाटलं, निरोप देतायत.) तू मागून कांद्याच्या टेम्पोत, तिकिटाचं मशीन गळ्यात घालून आलास, तेही काढणार नाही. चौकशीत मी ‘डबल बेल ऐकली’ असा जबाब लिहून दिला. त्यावर तू म्हणालास, “मी खाली हुतो, मंग बेल काय म्हातारीनं दिली व्हय?” साहेबांनी अर्थ काढला की कंडक्टर बेल देऊन मग खाली उतरला, आणि तुझ्या एकतीस वर्षांच्या कोऱ्या रेकॉर्डावर ताकीद बसली. तेव्हापासून तीन वर्षं तू माझ्याशी बोललेला नाहीस. असो. तर प्रोसेसर.

झालं असं की आमची नात सृष्टी, तंत्रनिकेतनात शिकते ती, मला एकदा मैत्रिणीच्या घरी घेऊन गेली आणि तिथल्या कम्प्युटरवर बस चालवायचा गेम लावून दिला. खेळण्यातलं असलं तरी गोल स्टेअरिंग होतं. समोर रस्ता, घाट, वळणं, स्टॉपवर उभी माणसं. सहादेव, रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा माझ्या डाव्या पायाला क्लच आठवला. घरात मला कोणी स्कूटीची चावीसुद्धा देत नाही, हे तुला माहीत नसेल. त्या दिवशी मी जेवताना आपण होऊन बोललो म्हणे, आणि आमच्या रतनबाईनं तिथल्या तिथं तीस हजार मंजूर केले. अटी दोनच: वर एक रुपया मिळणार नाही, आणि घरात हॉर्न वाजवायचा नाही.

मग आम्ही नगरला नितीनच्या दुकानात गेलो. हा सृष्टीच्या ओळखीचा, सुटे भाग जोडून कम्प्युटर तयार करून देतो, स्वभावानं गरीब. (गरीब नसता तर पुढचं सगळं त्यानं सोसलं नसतं.) तो म्हणाला, आधी प्रोसेसर ठरवा, बाकीचं त्याच्या मागनं ठरेल. मी म्हणालो, मला गाडीच्या भाषेत सांग. तेव्हा सृष्टीनं समजावलं की खिडकीतून दिसणारं झाड, डोंगर, रस्ता हे चित्र काढायचं काम ग्राफिक कार्डाचं. पण कुठल्या स्टॉपला किती चढले, किती उतरले, मागनं कोण आलं, कोणाला कुठं बसवायचं, हा सगळा हिशेब एकाच वेळी प्रोसेसर करतो. मी म्हणालो, अगं मग सरळ कंडक्टर म्हण ना!

एकदा तो कंडक्टर आहे म्हटल्यावर मला निवड सोपी वाटली, कारण त्या खात्यातली माझी पारख तू जाणतोस. नितीननं एक निळा डबा काढला, चार कोरांचा. कोर म्हणजे किती कामं एकदम उरकतो ते. मी विचारलं, बाजाराच्या दिवशी गाडी भरली तर? तो म्हणाला, अडखळेल. मी डबा परत दिला. मग नारिंगी पट्ट्याचा सहा कोरांचा निघाला. विचारलं, गर्दीत तापतो का? म्हणे तापतो, पण पंखा लावला की शांत होतो. मी म्हणालो, आमचाही तापायचा, त्याला चहा लागायचा, हा चालेल. (रागावू नकोस. सृष्टी हसली, मी नाही.)

इथंच घोटाळा झाला. नितीन म्हणाला, काका, तुमच्या बजेटात कार्ड बसत नाही, त्यापेक्षा याचाच भाऊ घ्या, दोन हजारांनी महाग आहे पण चित्रसुद्धा तोच काढतो, वेगळं कार्ड नको. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे चालक-तथा-वाहक! एका माणसाला दोन कामं! या पदाविरुद्ध तू आणि मी डेपोच्या गेटवर किती वेळा घोषणा दिल्या, ते आठव. घशाला सूज आली होती तुझ्या. मी नितीनला स्पष्ट सांगितलं की ज्या घरात मी राहतो तिथं हे चालणार नाही, एकाला एकच काम, साधा सहा कोरांचा दे, कार्ड आपण दिवाळीनंतर घेऊ. तो काहीतरी सांगत होता. मी हात वर करून त्याला थांबवलं, मोर्चात थांबवतात तसा.

तो सांगत होता ते असं, की नुसत्या कंडक्टरच्या प्रोसेसरला चित्र काढताच येत नाही, कार्ड लागेपर्यंत पडद्यावर काहीच दिसणार नाही. हे आम्हाला घरी आल्यावर, शेजारपाजाऱ्यांना बोलावून, नारळ फोडून, बटण दाबल्यावर कळलं. आत पंखा फिरत होता, दिवा लागला होता, पडदा काळाकुट्ट. रतनबाई वाकून आत बघत म्हणाली, “पंखा मातर झ्याक फिरतोय. तीस हजाराला लई महाग न्हाई.”

आठ दिवस मी त्या काळ्या पडद्यासमोर जेवलो. आता नितीन म्हणतोय, आतला बोर्ड तोच चालेल, फरक भरून तो चालक-तथा-वाहक घेऊन जा. माझा प्रश्न तत्त्वाचा आहे. घोषणा आपण दोघांनी दिल्या होत्या, तेव्हा माघार एकट्यानं घ्यायची मला परवानगी नाही. तरी तुझं मत उलट टपाली कळवावं. वहिनींना नमस्कार.

तुझा,
भीमा (चालक, निवृत्त)

ता. क. मत पाठवायची घाई करू नकोस. प्रोसेसर मी गेल्या सोमवारीच बदलून आणला. बिचारा चित्रही काढतो, माणसंही चढवतो, कुरकुर नाही. आपण उगीच घसे सुजवले. अडचण वेगळीच आहे. स्टॉपवर गाडी उभी राहते, माणसं चढतात, दार लागतं, आणि मग कोणी बेलच देत नाही. सृष्टी म्हणते, आजोबा, यात बेल नसते, निघा. मला निघता येत नाही. काल एका स्टॉपवर मी अकरा मिनिटं उभा होतो, मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या. शेजारी एक खुर्ची मांडून ठेवली आहे. तुझा पास आहेच. ये.

ता. क. दुसरा. त्या दिवशी बेल वाजली नव्हती. मी आरशात बघितलं नाही, कारण शेवटची फेरी होती, माझे डोळे भरले होते आणि आरशात तुला ते दिसले असते. पुढं साहेबांसमोर हे सांगायची लाज वाटली, म्हणून खोटा जबाब दिला आणि तुझं रेकॉर्ड घालवलं. चूक माझी. हे सगळं वेगळ्या कागदावर साहेबांच्या नावानं लिहून, सही करून सोबत जोडलंय. डेपोत द्यायचं का, कोणाला दाखवायचं, ते तू ठरव.

भाऊजी, मी रतन. ह्यांनी ह्ये पत्र पाच येळा लिवलं. पयल्या चारीत नुसता कम्प्युटरच हुता. तुमी या.